आधी ल्युअर, मग रॉड: कमी खर्चात पहिला रॉड निवडताना

मासे गरवायचा रॉड हातात घेतला की नवखा गरवणारा सहसा एकच गोष्ट चाचपून बघतो: मजबूत आहे ना? बुंधा जाड, वाकवायला जड, म्हणजे चांगला. माझा पहिला रॉड मी याच हिशेबाने घेतला होता. त्यावर १० ग्रॅमचा स्पून, म्हणजे चमच्यासारखा धातूचा ल्युअर (कृत्रिम आमिष), लावून कितीही जोर केला तरी तो समोरच्या समोर पडायचा. आपलं फेकणं चुकतंय असं समजून मी कित्येक महिने हात सुधारत राहिलो. मग एका जाणत्या माणसाने तो रॉड फिरवून मुठीच्या वर छापलेली बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. रॉड ४० ते ८० ग्रॅम वजनासाठी बनवलेला होता. १० ग्रॅमचा स्पून त्याला जाणवतच नव्हता.

ल्युअर फेकतो तो रॉड, आपला हात नव्हे. हात मागे नेऊन पुढे आणताना ल्युअरच्या वजनाने रॉडचा शेंडा मागे वाकतो, आणि तो सरळ होताना ल्युअर सुटतो. वजन फार कमी असेल तर शेंडा वाकतच नाही. फार जास्त असेल तर रॉड लिबलिबतो, नेम राहत नाही, आणि जोरात फेकताना तो मोडूही शकतो. साधा, स्वस्त रॉडसुद्धा त्याच्या मापाचं वजन मिळालं की लांब आणि नेमका फेकतो. महागड्या रॉडला चुकीचं वजन लावलं तर त्याचं मोल वाया जातं. त्यामुळे कमी पैशांत चांगली सुरुवात करायची तर पहिला प्रश्न ल्युअरचा.

पहिली पायरी: ल्युअर काट्यावर ठेवा

तुम्ही ज्या पाण्यावर जाणार आहात तिथे पुढच्या काही महिन्यांत कोणते ल्युअर वापरणार, ते आधी ठरवा. चार-पाच पुरेत. ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजनं लिहून घ्या. छोटे स्पिनर (दांडीभोवती फिरणारं पातं असलेले) साधारण ३ ते ७ ग्रॅमचे असतात. मधल्या आकाराचे क्रँकबेट (गुंडाळताना बुडून पोहणारे) आणि पॉपर (पाण्यावर तरंगणारे) ७ ते १५ ग्रॅमच्या आसपास, पोकळ रबरी बेडूक १० ते १८, स्पिनरबेट (एक गळ आणि तारेवर फिरणारी पाती) बहुधा १० ते १४. स्पून ५ ग्रॅमपासून ३० ग्रॅमपर्यंत कितीही असू शकतो.

रबरी ल्युअरच्या बाबतीत एक चूक नेहमी होते. जिग हेडच्या, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाच्या, पाकिटावर ७ ग्रॅम लिहिलेलं असतं आणि माणूस तेवढंच धरतो. त्यावर बोटभर लांबीचा रबरी मासा चढवला की एकूण वजन १२-१४ ग्रॅमपर्यंत सहज जातं. टेक्सास रिगमध्ये, म्हणजे गळाचं टोक रबरात दडवलेल्या जोडणीत, गोळीसारखं शिसं, गळ आणि रबर या तिन्हींची बेरीज धरायची. रॉडला जाणवतं ते शेंड्याला लटकणारं सगळं वजन.

यादी तयार झाली की सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड ल्युअर बाजूला काढा. हे दोन आकडे घेऊनच दुकानात जायचं.

दुसरी पायरी: मुठीच्या वरचं छापील वाचा

जवळजवळ प्रत्येक रॉडवर मुठीच्या लगेच वर चार-पाच गोष्टी छापलेल्या असतात: लांबी, ताकद, वाक, लाइनचं माप आणि ल्युअरचं वजन. यातला ल्युअरच्या वजनाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो कुठे ग्रॅममध्ये असतो, कुठे औंसमध्ये. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, त्यामुळे पाव औंस ७, अर्धा औंस १४ आणि पाऊण औंस २१ ग्रॅम. लाइनचं माप, म्हणजे ती किती ओढ सोसते, बहुधा पौंडात असतं. १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो. काही रॉडवर, विशेषतः समुद्रासाठीच्या, ‘पीई’ आणि पुढे आकडा दिसेल. ते विणलेल्या लाइनच्या जाडीचं जपानी माप आहे. पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर.

ताकदीसाठी एल, एमएल, एम, एमएच, एच अशी अक्षरं येतात: हलका, मध्यम-हलका, मध्यम, मध्यम-जड, जड. ढोबळ मानाने हलका रॉड २ ते ७ ग्रॅम फेकतो, मध्यम-हलका ४ ते १४, मध्यम ७ ते २१ आणि मध्यम-जड १० ते २८. मात्र या अक्षरांचं सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं माप नाही. एकाचा मध्यम दुसऱ्याच्या मध्यम-हलक्याइतका मऊ निघतो. म्हणून अक्षर आणि ग्रॅम यांत विसंगती वाटली तर ग्रॅमवर विश्वास ठेवा.

आणखी एक अनुभवाची गोष्ट. रॉडवर ७ ते २१ ग्रॅम लिहिलं असेल तर तो ७ ग्रॅम फेकेल, २१ देखील फेकेल, पण मन लावून काम करेल ते १० ते १७ ग्रॅममध्ये. तुमचा रोजचा ल्युअर त्या मधल्या पट्ट्यात बसला पाहिजे.

तिसरी पायरी: ताकद आणि वाक वेगळे ओळखा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. वाक, ज्याला सगळे अ‍ॅक्शन म्हणतात, म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड वरच्या साधारण तिसऱ्या भागात वाकतो आणि खाली ताठ राहतो. मॉडरेट रॉड निम्म्यापर्यंत वाकतो. स्लो रॉड जवळजवळ मुठीपर्यंत कमानीसारखा वळतो. दोन रॉड सारख्याच ताकदीचे असूनही एक फास्ट आणि एक मॉडरेट असू शकतो, आणि पाण्यावर ते अगदी निराळे वागतात.

यातला कोणता हवा हे ल्युअरच्या गळावरून ठरवा. मला सापडलेली ही सर्वांत उपयोगी खूण आहे.

एकच मोठा, जाड गळ असेल, त्यातही त्याचं टोक रबरात दडलेलं असेल, तर चावा जाणवताच झटका द्यावा लागतो. तो गळ रबर फाडून माशाच्या कडक जबड्यात रुतला पाहिजे. तिथे फास्ट हवा, कारण तुमच्या मनगटाचा जोर लगेच गळापर्यंत पोचतो.

ल्युअरला तीन टोकांचे बारीक ट्रेबल गळ असतील तर उलटं. ते टोकदार असतात, मासा तोंड मिटतानाच बरेचदा रुततात. पण पकड उथळ असते. काठाजवळ आलेल्या माशाने डोकं झाडलं आणि रॉड ताठ असला, की गळाने केलेलं भोक मोठं होतं आणि मासा सुटतो. मॉडरेट रॉड तो धक्का स्वतः वाकून पचवतो.

लाइनही या हिशेबात धरा. नायलॉनची साधी लाइन, म्हणजे आपला तंगूस, ओढल्यावर बराच ताणला जातो, त्यामुळे फास्ट रॉडही त्यावर थोडा मवाळ होतो. विणलेली ब्रेड लाइन जवळजवळ ताणली जात नाही. फास्ट रॉड, ब्रेड आणि ट्रेबल गळ असे तिन्ही एकत्र आले तर रिळाचा ड्रॅग (ओढ वाढली की लाइन सुटू देणारा ब्रेक) सैल ठेवा, नाहीतर मासे हातचे जातील.

चौथी पायरी: तंत्राप्रमाणे जोडी लावा

क्रँकबेटपासून सुरू करतो, कारण स्वस्त रॉडचा खरा फायदा इथे आहे. या ल्युअरच्या तोंडाशी पुढे आलेली पट्टी असते. गुंडाळताना ती पाणी कापत ल्युअरला खाली नेते आणि रॉडवर सतत ओढ राहते. खोल जाणाऱ्या क्रँकबेटची ओढ तर त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त वाटते. गळ ट्रेबल. याला हवा मध्यम ताकदीचा, मॉडरेट वाकाचा, काचतंतूचा किंवा काच-कार्बन मिश्र रॉड, सुमारे ७ फुटांचा. असे मिश्र रॉड बहुधा स्वस्तात मिळणाऱ्यांत मोडतात. चावा बसल्यावर झटका देऊ नका. गुंडाळत राहा आणि रॉड बाजूला ओढा.

रबरी ल्युअर आणि जिग हेड यांची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाला. इथे चावा बहुतेक वेळा ल्युअर बुडताना येतो आणि हाताला फक्त एक बारीक ‘टक’ लागते. कधी तेवढंही नाही, लाइन नुसती बाजूला सरकते. ती टक मुठीपर्यंत पोचवणारा रॉड हवा, म्हणजे कार्बनचा, हलका, फास्ट. उघड्या टोकाच्या जिग हेडला मध्यम-हलका किंवा मध्यम चालतो. टोक दडवलेल्या टेक्सास रिगला मध्यम-जड घ्या. एकाच रॉडवर थोडे जास्त पैसे टाकायचे असतील तर मी ते या कामाच्या रॉडवर टाकेन.

पोकळ बेडूक दाट पाणवनस्पतींवरून ओढतात. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो शेवाळात अडकत नाही. मरळीसारखा मासा त्यावर झेपावला की तो लगेच झाडोऱ्यात घुसतो, आणि त्याला त्या पसाऱ्यासकट बाहेर ओढावं लागतं. इथे मात्र ताठ रॉड हवाच: मध्यम-जड किंवा जड, फास्ट, ७ फूट, आणि ५० ते ६५ पौंडांची ब्रेड. हा रॉड दुसऱ्या कामाला फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून पहिला रॉड म्हणून तो घेऊ नका.

पाण्यावर तरंगणारे पॉपर आणि डावी-उजवीकडे नाचणारे स्टिकबेट यांना शेंडा खाली धरून मनगटाचे छोटे झटके द्यायचे असतात. रॉड फार लांब असेल तर शेंडा पाण्याला लागतो. उंचीप्रमाणे साडेसहा ते सात फूट ठीक. मध्यम ताकद, फास्टपेक्षा थोडा मऊ. मासा झेपावून पाण्यावर खळबळ उडाली की हात आपोआप झटका देतो, आणि ल्युअर माशाच्या तोंडातून निघून येतो. माशाचं वजन रॉडवर जाणवेपर्यंत थांबायचं. मऊ शेंडा या घाईला थोडं सांभाळून घेतो. या ल्युअरना फ्लुरोकार्बन लाइन बांधू नका. ती बुडते आणि ल्युअरचं तोंड खाली खेचते.

स्पिनरबेटला एकच गळ, पण ओढून आणायचं काम. मध्यम किंवा मध्यम-जड, मॉडरेट-फास्ट. छोटे स्पिनर आणि स्पून हलक्या ते मध्यम, मॉडरेट रॉडवर छान जातात, फक्त पुढे स्विव्हल (गरगर फिरणारी जोडकडी) लावा, नाहीतर लाइनला पीळ पडतो. बोटीवरून सरळ खाली सोडायच्या धातूच्या जिगसाठी आखूड, वेगळाच रॉड लागतो, आणि लाटांपलीकडे फेकायला ९ ते ११ फुटी. ही दोन्ही कामं आत्ता बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: स्पिनिंग की कास्टिंग, आणि किती लांब

स्पिनिंग रॉडवर रीळ खाली लटकतं आणि पहिली कडी मोठी असते. कास्टिंग रॉडवर रीळ वर बसतं आणि मुठीखाली बोट अडकवायला आकडी असते. सुरुवातीला स्पिनिंग घ्या. स्वस्त कास्टिंग रिळावर ७ ग्रॅमच्या खालचे ल्युअर फेकणं कठीण जातं आणि अंगठा चुकला की रिळावर लाइनचं घरटं होतं. साधं स्पिनिंग रीळ हे सगळं माफ करतं. मध्यम रॉडला २५०० किंवा ३००० आकाराचं रीळ बसतं, हलक्याला १००० ते २०००.

लांबीने फेक वाढते, पण लांब रॉड हाताला जड लागतो आणि झाडाखाली अडचण करतो. मोकळ्या काठावर ७ फूट, म्हणजे सुमारे २१३ सेंटिमीटर. झुडपांतून वाट काढत जायचं असेल तर ६ ते साडेसहा.

सहावी पायरी: पैसे कशावर जातात

काचतंतूचा रॉड जड, मऊ आणि चिवट असतो. आपटला, दबला तरी सहसा टिकतो. कार्बनचा, ज्याला ग्राफाइटही म्हणतात, हलका आणि संवेदनशील असतो, पण धक्का बसला की तडकतो. जाहिरातीत २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे दिसतात. ते कार्बनच्या ताठपणाचं माप सांगतात, रॉड किती वजन उचलेल हे नाही. आकडा वाढला की तितक्याच ताठपणाला कमी माल पुरतो, रॉड हलका होतो, भिंत पातळ होते आणि निष्काळजीपणा चालत नाही. नवख्या हातात २४ टनांचा किंवा मिश्र रॉड जास्त दिवस टिकतो. तो स्वस्तही असतो, हे चांगलंच आहे.

जिथे काटकसर करू नये ती जागा म्हणजे कड्या, म्हणजेच गाइड. ब्रेड लाइन वापरणार असाल तर कडीच्या आत सिरॅमिकची रिंग हवी. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची रिंग पुरेशी आहे. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण आणि महाग. नुसत्या पातळ तारेच्या कडीत ब्रेड हळूहळू खाच पाडते, आणि मग ती खाच लाइन कापत राहते.

टेलिस्कोपिक रॉड पिशवीत मावतो म्हणून मोह होतो. ल्युअरसाठी तो घेऊ नका. ल्युअरच्या गरवण्यात दिवसाला शेकडो वेळा फेकावं लागतं. सांधे सैल होतात, कड्या वळतात, आणि कड्या मुळात कमी असल्याने लाइन रॉडच्या वाकाला धरून चालत नाही. दोन तुकड्यांचा रॉड सोयीचाही असतो आणि कामाचाही. प्रवास फार असेल तर चार तुकड्यांचा बघा.

सातवी पायरी: दुकानात दहा मिनिटं

आपलं रीळ बरोबर न्या. रॉड जोडून मुठीकडून एका डोळ्याने बघा. तो सरळ असावा आणि कड्या एका रेषेत असाव्यात. कापसाचा बोळा लावलेली काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचे तंतू कुठे अडकले तर तिथे चीर आहे. कड्या मोजा. ७ फुटी रॉडला शेंड्याची सोडून सात-आठ असाव्यात; पाचच असतील तर ठेवून द्या. कडीचे पाय बांधलेल्या दोऱ्यावरचा लेप सलग हवा, तडे आणि बुडबुडे नकोत.

मग रीळ बसवा, घट्ट करा आणि हलवून बघा. थोडंसुद्धा डुगडुगलं तर ती खोड पुढे वाढतच जाते. रॉड हवेत हलकेच झटका. सांध्यात ‘टिक’ असा आवाज येऊ नये. शेवटी रिळाच्या पायाच्या जरा पुढे एका बोटावर रॉड तोलून बघा. शेंड्याकडे फार झुकत असेल तर दिवसभरात मनगट दुखेल. वाक बघायचा असेल तर लाइन कड्यांतून ओवून कुणालातरी हळू ओढायला सांगा. शेंडा हाताने धरून वाकवू नका, तो तिथेच मोडतो.

वापरलेला रॉड घेणं हा पैसे वाचवायचा उत्तम मार्ग आहे, फक्त टेप घेऊन जा. छापलेली लांबी आणि प्रत्यक्ष लांबी जुळते का ते मोजा. चार-सहा इंच कमी भरला तर शेंडा मोडून नवी कडी चिकटवलेली आहे. अशा रॉडचा वाक मूळचा राहिलेला नसतो.

कोणता एक घ्यावा

अजूनही निवड होत नसेल तर हा घ्या: ७ फुटी, मध्यम ताकद, मॉडरेट-फास्ट किंवा फास्ट, ७ ते २१ ग्रॅम, दोन तुकडे, स्पिनिंग, सिरॅमिकच्या कड्या. त्यावर २५०० आकाराचं रीळ आणि १५ ते २० पौंडांची ब्रेड. स्पून, पॉपर, मधले क्रँकबेट, जिग हेड, स्पिनरबेट हे सगळं त्यावर होतं. बेडूक आणि अगदी हलके स्पिनर होत नाहीत. काही महिन्यांनी यांपैकी कशाची उणीव जास्त भासते ते तुम्हाला कळेल, आणि दुसरा रॉड त्यासाठी घ्यायचा.

तो मोडू नये म्हणून

रॉड मोडतात ते बहुतेक काठावर, गाडीच्या दारात आणि पंख्याच्या पात्यात. मासा ओढताना फार कमी. मासा पायाशी आला की लोक रॉड सरळ आभाळाकडे उभा करतात. त्या क्षणी सगळा ताण पातळ शेंड्यावर येतो आणि तो काडीसारखा तुटतो. रॉड ४५ अंशांच्या आसपास ठेवा आणि मासा जाळीने किंवा लाइन धरून उचला. ल्युअर खडकात अडकला तर रॉड वाकवून ओढू नका. रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरून मागे सरका. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर सुटेल असा लावा.

कार्बनमधून वीज वाहते. आभाळ गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून आडोसा गाठा, आणि विजेच्या तारांखाली कधीही फेकू नका.

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुवा, कड्यांचे पाय विशेषकरून. सांध्यात आत शिरणाऱ्या भागावर साधी मेणबत्ती हलकीच घासली की तो घट्ट बसतो आणि सहज निघतो. जोडताना दोन तुकडे थोडे तिरके बसवा आणि किंचित फिरवत कड्या रेषेत आणा. सांधा अडकलाच तर रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरा, हात दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर ठेवा आणि गुडघे हळूहळू फाकवा. ओढ अगदी सरळ रेषेत बसते आणि तुकडे सुटतात. कडी पकडून पिळायचं मात्र नाही, तिचा पाय लगेच उखडतो.